पन्नासापासून दहापर्यंत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनं, सहली आणि मैदानाविषयी इतर जण भरभरून लिहितीलच. मला लिहायचंय ते आमच्या गणिताच्या सरांनी नववीत एका ऑफ तासाला सांगितलेल्या गोष्टीविषयी. पुढे मी वकील झालो, आणि ती गोष्ट माझ्यासोबत कोर्टात आली.

सर अलिबागकडचे बेने इस्राएली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ज्यू. घरात अस्सल कोकणी वळणाची मराठी, प्रार्थना मात्र हिब्रूत. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकाखाली एक आकडे लिहिले: ५०, ४५, ४०, ३०, २०, १०. आम्हाला वाटलं, श्रेढीचं गणित आलं. निघाला तो बायबलमधल्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय.

सदोम आणि गमोरा या नगरांविरुद्धचा आक्रोश परमेश्वरापर्यंत पोहोचलाय. निवाडा करण्याआधी तो स्वतः खरंखोटं पाहायला निघतो आणि आपला बेत ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याच्या कानावर घालतो. अब्राहाम पुढे होऊन विचारतो, दुष्टांबरोबर नीतिमानांचाही नाश करणार? साऱ्या जगाचा न्यायाधीशच न्याय करणार नाही? नगरात पन्नास नीतिमान असले तर? परमेश्वर म्हणतो, त्यांच्याखातर सगळ्या नगराला क्षमा करीन.

इथे सर थांबले आणि दुसऱ्या आकड्याखाली खडूने रेघ मारली. ‘‘नीट ऐका. अब्राहाम पंचेचाळीस म्हणतच नाही. पन्नासाला पाच कमी पडले, तर त्या पाचांपायी अख्खं नगर बुडवणार का, असं विचारतो.’’

इतका नेमका युक्तिवाद मी कोर्टातही क्वचितच ऐकलाय. आणि त्याची मागणी पाहा. नीतिमानांना आधी बाहेर काढा, मग काय करायचं ते करा, असं तो म्हणत नाही. मूठभर चांगल्यांसाठी सगळ्यांनाच सोडा, असं म्हणतो. त्याचा पुतण्या लोट त्याच नगरात राहतो, पण या साऱ्या बोलण्यात त्याचं नाव एकदाही येत नाही. आपल्या माणसासाठी कुणीही रदबदली करतो. हा ज्यांना ओळखतही नाही त्यांच्यासाठी, मी तर केवळ धूळ आणि राख असं म्हणत, खुद्द न्यायाधीशापुढे उभा राहतो. नोहासुद्धा नीतिमानच, पण पुराआधी इतरांसाठी त्याने एक शब्द टाकल्याचं त्या पुस्तकात कुठे नाही. म्हणूनच मला अब्राहाम मोठा वाटतो.

सदोम वाचलं नाही. दहासुद्धा निघाले नाहीत. लोट मात्र वाचला, तोही स्वतःच्या पायांनी नाही. पहाट झाली तरी तो रेंगाळत होता. तेव्हा परमेश्वराकडून आलेल्या दूतांनी त्याचा, बायकोचा आणि दोन्ही मुलींचा हात धरून त्यांना वेशीबाहेर काढलं. वाटेत त्याने सोअर नावाच्या एका लहानशा गावासाठी गयावया केली आणि ते गाव राखलं गेलं. सगळे जण सदोमची आग लक्षात ठेवतात, सोअर कुणाला आठवत नाही. खरं तर अब्राहामाने जे मागितलं ते तिथे थोडंफार पदरात पडलं, असं मी मानतो.

योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाला दुपारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, योना या संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात, हेही सरांकडूनच कळलं. मुंबईत मशीद बंदराजवळ १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं सिनेगॉग आहे. शाअर हारहामीम, म्हणजे दयेचं दार, हे त्याचं नाव. योनाची तक्रार अब्राहामाच्या अगदी उलट: निनवे या दुष्ट नगराला क्षमा झालीच का? त्याला परमेश्वराकडून मिळालेल्या उत्तरात एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत. गुरांचाही हिशोब धरणारा न्याय मला फार जवळचा वाटतो.

पण हे ग्रंथ एका सुरात बोलत नाहीत. यहेज्केल हा संदेष्टा सांगतो की नोहा, दानीएल आणि ईयोब यांच्यासारखे नीतिमान एखाद्या देशात असले, तरी ते फक्त स्वतःचाच जीव वाचवतील. मुलामुलींनाही वाचवू शकणार नाहीत. हे वचन वाचताना मला अजून त्रास होतो.

अब्राहाम दहावर का थांबला, असं मी त्या तासाला विचारलं होतं. सर म्हणाले, पुढचं तू वाच. वाचलं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर स्वतःच म्हणतो: यरुशलेमच्या गल्ल्यांतून हिंडा, चौकाचौकात शोधा, न्यायाने वागणारा एक जरी माणूस सापडला, तरी मी या नगराला क्षमा करीन.