न फिरणारी डिस्क

कॉम्प्युटरला डोळे नसतात. पोटात काय बसवलंय ते त्याला विचारूनच कळतं. डिस्कला तो विचारतो, बाई, मिनिटाला फेरे किती? जुनी हार्ड डिस्क सांगते ७२००, नाहीतर ५४००. एसएसडीत, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, फिरणारं काहीच नाही, म्हणून ती ठरलेला आकडा सांगते, १. म्हणजे मी फिरत नाही.

धुळ्यातल्या आमच्या जुन्या पीसीत भाच्याने एसएसडी बसवली, हार्ड डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं. मशीन पळायला लागलं. पण विंडोजची डिस्कची निगा राखणारी खिडकी, 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज', उघडून बघतो तर नव्या सुनेपुढे सासूचंच नाव: हार्ड डिस्क ड्राइव्ह!

"मामा, काय करी ऱ्हायना हाऊ?" भाचा वैतागला.

मला आधी वाटलं, असू दे. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचा पुढे धुळे झाला, १९९८ साली त्यातून नंदुरबार निघाला. तरी आमच्या घराच्या खरेदीखतावर 'पश्चिम खान्देश'च आहे, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

इथे मात्र अडतं, कारण विंडोज नाव बघून वागतं. हार्ड डिस्क म्हटली की विखुरलेले तुकडे गोळा करायला बसतं. एसएसडीला त्याचा उपयोग शून्य. उलट तिच्या पेशींवर लिहिण्याला मर्यादा असते, ती फुकट खर्ची पडते. तिला हवा असतो ट्रिम, म्हणजे कुठली जागा आता मोकळी झाली याचा निरोप.

घोळ बहुधा नकलेतच होता. विंडोजबरोबर जुन्या डिस्कच्या तपासणीची नोंदही इकडे आली, आणि नवीन तपासणी करायचं कुणी मनावर घेतलं नाही. भाच्याने कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला, 'विनसॅट डिस्कफॉर्मल' लिहून एंटर मारलं. विंडोजने डिस्कचा वेग नव्याने मोजला. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' बंद करून परत उघडलं, तर सॉलिड स्टेट ड्राइव्ह.

जुनी डिस्कही आतच ठेवलीय, फोटोंसाठी. तिला मात्र हे यंत्र पेन ड्राइव्हसारखी काढता येण्याजोगी समजतं आणि 'सुरक्षितपणे काढा' म्हणून सुचवत राहतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, त्या पोर्टचं हॉट प्लग (चालू मशीनमधून डिस्क काढायची-घालायची सोय) बंद केलं की तेही थांबेल, असं भाचा म्हणतो. मी म्हटलं, राहू दे. स्क्रू खोलून कोण काढणार आहे तिला?