तुम्ही विचारलंत म्हणून: "पण ते लढाईत कुठे गेले?"

माझ्या टेबलावर लायसँडर विमानाचं एक प्लास्टिकचं मॉडेल आहे, मीच जोडलेलं, आणि ते बघून कोणी ना कोणी विचारतंच की हे कुठलं विमान. मग मी करुण कृष्ण मजुमदारांचं नाव घेतो, ब्रह्मदेशातली गोष्ट सांगतो, समोरचा रंगून ऐकतो आणि शेवटी विचारतो, "मग ते गेले कसे?" अपघातात, लाहोरला, कसरतीच्या उड्डाणात. झालं, ऐकणाऱ्याचा चेहराच उतरतो. "अच्छा, म्हणजे लढाईत नाही ना गेले?" एकदोघांनी तर सरळ विचारलंय की मग एवढं काय धरून बसलायस त्यांना. इतक्यांदा झालंय हे की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. मजुमदार 1913 चे, काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांचे नातू, इंग्लंडातल्या क्रॅनवेलच्या हवाईदल कॉलेजात शिकलेले, अंगाने आडदांड म्हणून सगळे त्यांना जंबो म्हणायचे. फेब्रुवारी 1942 मध्ये ते भारतीय हवाईदलाची 1 नंबरची स्क्वाड्रन घेऊन ब्रह्मदेशात टौंगूला पोचले, आणि पोचतात न पोचतात तोच जपान्यांनी त्या तळावर बॉम्ब टाकले. आता स्क्वाड्रनकडे विमानं कुठली, तर लायसँडर. हे काही फायटर नव्हे हो! वरून बघून लष्कराला खबर द्यायची, निरोप पोचवायचे, छोट्याशा मैदानात उतरायचं, एवढ्यासाठी केलेलं. पंख डोक्यावर, वेग बेताचा, चाकं कायम बाहेर आणि त्या चाकांवर भलीमोठी गुबगुबीत आवरणं. मॉडेल करताना सगळ्यात जास्त छळतात ती तीच, दोन अर्धुकं चिकटवायची, पुटी भरायची आणि मधली फट जाईपर्यंत पॉलिश पेपरने घासत बसायचं. माझ्या डाव्या चाकाची फट अजून दिसते, तेवढी बघू नका.

तर त्या विमानाला दोन 250 पौंडी बॉम्ब टांगून मजुमदार एकटे, बरोबर फक्त न्यूझीलंडच्या पायलटांची दोन बफेलो फायटर, सीमेपलीकडे थायलंडमधल्या मे हाँग सोनच्या जपानी तळावर गेले आणि हँगरवर बॉम्ब टाकून परत आले. दुसऱ्या दिवशी अख्खी स्क्वाड्रन घेऊन परत गेले. डीएफसी हे ब्रिटिशांचं वैमानिकांसाठीचं शौर्यपदक मिळालं. पुढे 1944 ला फ्रान्सवर रॉयल एअर फोर्सच्या 268 स्क्वाड्रनमधून टेहळणी केली, खालून तोफा चालू असताना कमी उंचीवरून, आणि परत डीएफसी. मग मायदेशी आले. हवाईदल लोकांना दाखवायचं म्हणून कसरती करणारी विमानं होती, त्यात हरिकेन हे फायटर विमान उडवत होते, आणि 17 फेब्रुवारी 1945 ला कोसळले. वय 31. महिन्याभराच्या आत, मार्चमध्ये, भारतीय हवाईदलाच्या नावामागे 'रॉयल' लागलं, ते बघायलाही राहिले नाहीत.

आता तुमचा प्रश्न. मला वाटतं घोटाळा आपल्या शब्दांचाच आहे. रणात गेलेल्या माणसासाठी मराठीत शब्दच शब्द आहेत, धारातीर्थी पडला, कामी आला, वीरगती मिळाली. आणि सरावात गेलेल्याला? अपघाती निधन. स्कूटरवरून घसरून गेलेल्यालाही तेच. धारातीर्थ म्हणजे तलवारीच्या धारेचं तीर्थ, तिथे समोर शत्रू असतो, वार दिसतो. विमानाच्या बाबतीत हे गणित बसतच नाही, कारण तिथे निम्मा शत्रू म्हणजे हवा, धुकं, इंजिन आणि घाई. इंग्रजांच्या हवाईदलातसुद्धा कारवाईत ठार आणि सेवेत असताना ठार अशी दोन वेगळी खाती होतीच म्हणा. पण कॉमनवेल्थच्या युद्ध स्मशानभूमीतला दगड बघा कधी, त्यावर नाव, हुद्दा, तारीख, वय असतं, मेला कसा हे नसतं. मला ते पटतं.

आणि आकडे बघितले की अपघात म्हणजे काहीतरी वेगळं, युद्धाच्या बाहेरचं, असं वाटायचं बंद होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, 55,573 लोक गेले, त्यातले 8 हजारांच्या आसपास ट्रेनिंगमध्ये आणि तसल्याच उड्डाणांत. अमेरिकेच्या हवाईदलाचे तर जवळपास 15 हजार जण अमेरिकेतच, विमान अपघातांत गेले. तिथे शत्रूचं एक विमान नाही! विशी-बाविशीची पोरं, घाईघाईत शिकवलेली, कित्येकदा शिकायला मिळालेली विमानं आघाडीवरून उतरवलेली, झिजलेली.

ढगाचंच घ्या. ढगात शिरल्यावर विमान हळूहळू एका अंगाला कललं तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ते कळतच नाही, माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय. समोरचा काटा सांगतो कललायस, अंग म्हणतं छे, काटाच बिघडलाय. अंगाचं ऐकलं की विमान गोल गोल फिरत खाली येतं, आणि ढगातून बाहेर पडेपर्यंत जमीन आलेली असते. घाबरला म्हणून नाही, चुकार म्हणून नाही, कान माणसाचा म्हणून. नवख्या पोराला अंग सांगतंय ते खोटं मानायला शिकायचं असतं, आणि त्यासाठी परत ढगातच जावं लागतं.

मजुमदार काही नवखे नव्हते, त्यांच्याबाबतीत उलटं. लायसँडर घेऊन जपान्यांवर गेलेला माणूस आपल्याच लोकांसमोर कसरती करायला वर जातो तेव्हा तो काही सुट्टीवर नसतो. जमिनीलगत कसरत म्हणजे चूक झाली तर सुधारायला खाली उंचीच नाही, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी गेले. त्या दिवशीचं काम ते होतं. ब्रह्मदेशातलं काम तेवढं मोजायचं आणि हे सोडून द्यायचं, असा हिशोब मला नाही जमत. तुम्हाला जमत असेल तर असो.

हरिकेनचं किट पण आणून ठेवलंय मी, दोन वर्षं झाली. पंख जोडलेत, रंग बाकी आहे. चाकं बाहेर लावायची की आत घेतलेली दाखवायची, यावर अडलंय. किटमध्ये दोन्ही सोय आहे.