विमानात पेट्रोल चढत नाही: परदेशी निघणाऱ्या बचाव पथकाच्या सामानाचा माझा अनुभव

सरकारने परदेशी पाठवलेलं पथक लोकांना दिसतं ते हवाई दलाच्या सी-१७ मालवाहू विमानाच्या रॅम्पवरून उतरताना. त्याआधीचे काही तास आणि उतरल्यानंतरचा पहिला दिवस सामानाच्या यादीवर चालतो. ती यादी सांभाळणं हे माझं काम. २०११ मध्ये एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) ४६ जण त्सुनामीनंतर जपानमध्ये ओनागावाला गेले, मग भूकंपांनंतर २०१५ मध्ये नेपाळ झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ऑपरेशन दोस्त'साठी १५१ जण तुर्कीला, मार्च २०२५ मध्ये 'ऑपरेशन ब्रह्मा'साठी म्यानमारला. देश बदलतो, घोडं अडतं त्याच ठिकाणी.

परराष्ट्र मंत्रालयाकडून होकार येईपर्यंत हलता येत नाही, पण यादी तोवर तयार हवी. ती तिघं वाचतात. हवाई दलाला वजन आणि मापं हवीत, कस्टम्सला सिरियल नंबर, आणि समोरच्या देशाला औषधांची नावं आणि मुदती. सिरियल नंबर लिहायचा कंटाळा करू नका. परत येताना ते कटर (काँक्रीट-लोखंड कापायचं यंत्र) आपलंच होतं हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो. खोक्याच्या तीन बाजूंना '१२/८६' (८६ खोक्यांपैकी बारावं) असा क्रमांक आणि वजन लिहायचं, कारण चौथी बाजू नेमकी भिंतीकडे जाते.

आता पॅलेट, म्हणजे माल रचून जाळीने बांधायचा सपाट तळ. सी-१७ आणि सी-१३० या मालवाहू विमानांमध्ये चालणारं ॲल्युमिनियमचं पॅलेट १०८ बाय ८८ इंचांचं असतं, पण कडेला जाळीच्या कड्या असल्यामुळे माल रचायला १०४ बाय ८४ इंचच मिळतात. कमाल भार साडेचार टन, उंची ९६ इंच. रिकामं पॅलेट आणि जाळ्या मिळून सुमारे १६० किलो भरतात, आणि नवखा माणूस हेच वजन हमखास विसरतो. अशी १० पॅलेट झाली की यादी आणि काटा यांत दीड टनाहून जास्त तफावत पडते आणि सगळं पुन्हा तोलावं लागतं. जड माल खाली आणि मध्ये, तंबू-ब्लँकेट वर. पॅलेट थेट जमिनीवर ठेवायचं नाही, खाली तीन लाकडी ओंडके हवेतच. नाहीतर फोर्कलिफ्टचे दात शिरत नाहीत आणि पत्रा चेमटतो. खोकं मात्र दोघांना उचलता येईल एवढंच भरायचं. भूकंप झालेल्या विमानतळावर फोर्कलिफ्ट मोकळी मिळेल हे गृहीत धरू नका. काठमांडूला धावपट्टी एकच. तिथे विमान लवकर रिकामं करणं हीच मागच्या विमानाला मदत.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते इंधन. कटर, जनरेटर, चेन-सॉ यांच्या टाक्या नुसत्या ओतून भागत नाही. टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर सुकतो, मग झाकण उघडं ठेवून वाफ जाऊ द्या. पेट्रोलचा नुसता वास आला तरी लोडमास्टर (विमानात माल चढवण्याची जबाबदारी असलेला माणूस) यंत्र खाली उतरवतो, आणि त्याचं बरोबर असतं. लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावायची. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या तेल-ग्रीसपासून लांब. एका पुरवठादाराने सौर कंदिलांच्या सुट्या बॅटऱ्या एका पिशवीत भरून पाठवल्या होत्या. तो पूर्ण लॉट मागे राहिला.

म्हणजे इंधन तिथेच मागायचं. आंतरराष्ट्रीय पथकं 'इन्साराग'च्या (शोध-बचाव पथकांच्या संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या सल्लागार गटाच्या) पद्धतीने चालतात. विमानतळावर आगमन केंद्र असतं, तिथे पथकाची माहितीपत्रिका द्यायची: माणसं किती, कुत्री किती, सामान किती टन, रोज पेट्रोल किती लिटर, डिझेल किती, कापायचा गॅस किती. आकडा अंदाजपंचे टाकू नका. ५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर भारावर ताशी साधारण दोन लिटर पितो. दोन जागी चोवीस तास चालवायचा तर रोजचे शंभर लिटर तिथेच गेले. कटरचं वेगळं. टू-स्ट्रोक यंत्रांचं तेल मात्र घरून न्या. ५०:१ प्रमाणात लिटरला २० मिली. एकदा आमच्याच हातून पेट्रोल-डिझेलचे रकाने उलटे भरले गेले. डिझेल आलं, आणि कटर सकाळपर्यंत गप्प. गॅस सिलिंडरचंही तसंच: तिथल्या व्हॉल्व्हचे आटे आपल्या रेग्युलेटरला बसतीलच असं नाही, म्हणून ॲडॅप्टर सोबत हवेत. तुर्कीत सॉकेट गोल दोन पिनांचं, आपली तीन पिनांची वायर तिथे लागत नाही. ५० रुपयांचा प्लग, पण चार्जिंग अडलं की शोध-कॅमेरा बंद.

थंडीत बॅटरी निम्म्या वेळात बसते. फेब्रुवारीत गाझियानतेपकडे पारा शून्याखाली होता. वॉकी-टॉकीच्या जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आत ठेवायच्या आणि ओल्या कटिंगच्या (पाणी सोडत कापायच्या) पाण्याचा पाइप काम थांबताच रिकामा करायचा, नाहीतर तो गोठतो.

औषधांचं थोडक्यात: पोहोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक, नाव ब्रँडचं नव्हे तर जेनेरिक, आणि ती कपडे-अन्नात मिसळायची नाहीत. घाईत हे तिन्ही मोडतं.

कामाच्या जागी भिंतीवर साधारण एक मीटरचा चौकोन काढून आत जागेचा क्रमांक, पथकाची खूण, शोधाची पातळी आणि तारीख लिहितात. धोका चौकोनाच्या वर. हे उशिरा आलेल्या पथकासाठी असतं, म्हणून स्प्रेचे डबे कमी पडता कामा नयेत. पण तेही ज्वलनशील, विमानात प्रत्येक डबा जाहीर करावा लागतो, म्हणून जोडीला खडूही न्या. कामाच्या जागी शिट्टीच्या खुणा: एक लांब म्हणजे शांतता, तीन छोट्या म्हणजे बाहेर पडा, एक लांब आणि एक छोटी म्हणजे काम सुरू.

परतताना काही सामान तिथल्या यंत्रणेला देऊन यायचं ठरतं. ते तोंडी ठरवू नका. हस्तांतराची वेगळी यादी, दोन्हींकडच्या सह्या, आणि मूळ यादीत त्या क्रमांकांवर रेघ. उरलेली यंत्रं धुऊन, सिमेंटचा राडा वाळायच्या आत साखळीतून काढून, टाक्या पुन्हा कोरड्या करून पॅकिंगला घ्यायची. परतीच्या विमानाचा लोडमास्टरही आधी वासच घेतो.