कोरड्या होडीसाठी लिहिलेली पाटी

मार्चमधल्या एका शनिवारी दुकानात घडलेला प्रसंग अजून माझ्या मनातून उतरत नाही. त्याचा पुढचा भाग येत्या गुरुवारी घडेल की नाही हे मला सांगता येत नाही, म्हणून आजच लिहून ठेवतो आहे.

मी मूळचा मुरूडचा. बारा वर्षे व्यापारी जहाजांवर विद्युत अधिकारी म्हणून काढली आणि पत्नीच्या नोकरीमुळे समुद्र सोडून टेक्सासला आलो. गेली सहा वर्षे लेक फोर्क या जलाशयाजवळच्या एका दुकानात होड्यांवर मोटरी, बॅटऱ्या, पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारी सोनार यंत्रे आणि पंप बसवण्याचे काम करतो. सॅबिन नदीच्या एका उपनदीवर धरण बांधून १९८० मध्ये अडवलेला हा सुमारे २७,००० एकरांचा जलाशय बास माशासाठी अमेरिकाभर प्रसिद्ध आहे. पाणी भरताना इथली पुष्कळ झाडे मुद्दाम उभी ठेवली होती, आणि टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ च्या जानेवारीत इथेच सापडला. आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत एक प्रकारचा बासच म्हणतात. दोघांचे नाते नावापुरतेच आहे, पण आडोशाला दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की झेप घ्यायची ही खोड दोघांचीही सारखी आहे. लहानपणी खाडीवर वडिलांबरोबर गरवायला जात असल्यामुळे मला हा मासा कधीच परका वाटला नाही.

त्या शनिवारी आलेले गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. त्यांची होडी १९९४ मधली, साडेसतरा फुटांची, फायबर ग्लासची, मागे ११५ अश्वशक्तीचे इंजिन. आदल्या आठवड्यात आमच्या विक्रेत्याने त्यांना जे सामान विकले होते, त्याची यादी माझ्या हातात आली: ११२ पौंड रेट्याची ३६ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, तिच्यासाठी प्रत्येकी सुमारे ७० पौंडांच्या तीन बॅटऱ्या, सोनारचे चित्र दाखवणारे बारा इंची दोन पडदे, पाण्याखालची हालचाल त्याच क्षणी दाखवणारा लाईव्ह सोनार आणि तळातले पाणी बाहेर टाकणारा एक स्वयंचलित पंप. ट्रोलिंग मोटर म्हणजे होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर बसवायची, पायाने चालवायची विजेची मोटर. मोठे इंजिन बंद करून माशाला चाहूल न लागू देता होडी हळूहळू सरकवण्यासाठी ती लागते. ही संपूर्ण यादी स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या एकवीस फुटी होड्यांवरून उचललेली होती. विक्रेता वाईट माणूस नाही, परंतु त्याला दलाली मिळते ती विकलेल्या खोक्यांवर. ते खोके त्या होडीला साजते की नाही, याचा त्याच्या पगाराशी काहीही संबंध नाही. ज्याने ही पद्धत आखली त्याने कधी स्वतः होडी पाण्यात उतरवली नसावी.

याखेरीज त्यांना गरवायचे नऊ रॉड घ्यायला सुचवले होते. मी जुन्या मोटरीच्या तारा सोडवत असताना त्यांनी मला सहज विचारले, "खरंच नऊ लागतात का रे?" मी म्हणालो, "चार पुरतात," आणि हातातले काम खाली ठेवून त्यांना समजावले, कारण या विषयावर बोलायला मला मनापासून आवडते. बुडालेल्या झाडांमध्ये रबरी किडा टाकायचा तर सात फुटी, मध्यम-जड, फक्त टोकाशी वाकणारा रॉड आणि १७ पौंडी फ्लुरोकार्बन दोरा हवा. एकच जाड गळ असतो, तो रबरातून पार होऊन माशाच्या जबड्यात रुतायचा, म्हणून रॉड ताठ असावा लागतो. पाणवनस्पतींच्या चटईवरून रबरी बेडकाचे आमिष ओढायचे असेल तर त्याहून जड रॉड आणि ५० ते ६५ पौंडी विणलेला दोरा, कारण मासा आणि त्याच्याभोवतीचा पाच किलो पाला एकदमच उपसावा लागतो. तिसरा रॉड उलट मऊ, निम्म्यापर्यंत वाकणारा, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या कडेने ओढायच्या तांबड्या, माशाच्या आकाराच्या लिपलेस क्रँकबेटसाठी; त्या आमिषाला तीन काट्यांचे बारीक गळ असतात आणि ताठ रॉडने ओढले तर ते माशाच्या तोंडातून उचकटून येतात. चौथा हलका स्पिनिंग रॉड, थंड लाट येऊन गेल्यानंतर मासे तोंड मिटून बसतात त्या दिवसांसाठी. त्यांनी हे सारे एका जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतले. तोपर्यंत आमचे छान जुळले होते.

पंप मी आधी बसवला. तळाशी पाणी चढले की तरंगता बोंडा उचलला जाऊन तो आपोआप सुरू होतो. मुख्य स्विच बंद असला तरी तो चालावा म्हणून त्याची तार थेट बॅटरीवर घेतली आणि फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत ठेवला, कारण त्यापलीकडे ठेवलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करत नाही. मग बॅटऱ्यांसाठी मागचे झाकण उचलले, तेव्हा आतून वर्षानुवर्षे साचलेल्या पाण्याचा वास आला. ट्रेलरची चाकेही मला आल्यापासून जरा जास्तच दबलेली वाटत होती. त्यांची परवानगी घेऊन मी डेकला तीन इंचांचे भोक पाडले आणि आतल्या फोमचा एक तुकडा काढला. तो मुठीत दाबला, तर बोटांमधून पाणी गळाले.

हा फोम होडी भरली तरी बुडू नये म्हणून तळ आणि डेक यांच्यामध्ये ओतलेला असतो. कोरडा असताना त्याचे वजन घनफुटाला साधारण दोन पौंड. पाण्याचे वजन घनफुटाला ६२.४ पौंड. म्हणजे ज्याने होडीला तारायचे, तेच तिच्या पोटात दगडासारखे बसलेले असते आणि वरून काहीही दिसत नाही. मी होडी ट्रेलरसकट जवळच्या ट्रकच्या काट्यावर नेली. काट्याने ३,१२० पौंड दाखवले. कारखान्याचे आकडे, ट्रेलर, इंजिन आणि जुन्या बॅटऱ्या धरून ते २,६०० च्या आसपास यायला हवे होते.

वीस फुटांखालच्या अशा होड्यांवर अमेरिकेत एक पाटी लावावी लागते: किती माणसे, किती एकूण वजन, किती अश्वशक्ती. या होडीवर माणसे, इंजिन आणि सामान मिळून १,३५० पौंड लिहिले होते. पण ती पाटी कोरड्या होडीसाठी लिहिलेली असते. मी कागदावर मांडले: १,३५० मधून इंजिनाचे ३७०, शोषलेल्या पाण्याचे ५२०, ते स्वतः आणि त्यांचा पुतण्या मिळून ३८०, उरले ८० पौंड. घेतलेले सामान ३५० पौंडांच्या वर जात होते. खाली हेही लिहिले, की साधारण १०० पौंड वजनामागे दोन पौंड रेटा या अंदाजाने ह्या होडीला ५० ते ६० पौंडांचा रेटा पुरतो, वाऱ्यासाठी वाढवून धरला तरी २४ व्होल्टची ८० पौंडांची मोटर भरपूर होईल, आणि दोन लिथियम बॅटऱ्या मिळून एका शिशाच्या बॅटरीपेक्षाही कमी भरतात. लाईव्हवेलही, म्हणजे पकडलेले मासे जिवंत ठेवायची टाकीही, रिकामी ठेवा असे सुचवले. तिच्यातले २४ गॅलन पाणी २०० पौंडांचे असते, आणि फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास तसाही लगेच सोडावाच लागतो, मग ते पाणी वाहून न्यायचे कशाला? मात्र या सगळ्याच्या आधी डेक उघडून ओला फोम काढणे आवश्यक आहे, असे मी अखेरीस सांगितले.

ते कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. "तीस वर्षं तरंगते आहे ही," एवढेच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते विचार करत होते. आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर ते माझ्याशी बोलले असते, असे मला आजही वाटते. नेमक्या त्याच वेळी आमचे व्यवस्थापक आले, त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि उत्साहाने म्हणाले, "मग हिला कशाला खर्च करता? बाहेर अठरा फुटी नवीन उभी आहे, हप्त्यांवर देऊ."

त्या वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरू शकत नाही. सकाळपासूनचे माझे सगळे बोलणे, चार रॉड पुरतात हे सांगणे, फोमचा तुकडा, काट्याची चिठ्ठी, हे नव्या होडीच्या दिशेने त्यांना ढकलण्यासाठी रचलेले नाटक होते, असे त्यांना त्या क्षणी वाटले असणार. मी काही बोलायच्या आत त्यांनी भोकावर झाकण बसवायला सांगितले, बाकीचे खोके तसेच गाडीत भरायला लावले, पंपाच्या मजुरीचे पैसे मोजले आणि होडी घेऊन गेले. व्यवस्थापक मला नंतर म्हणाले, की आपले काम विकलेली वस्तू बसवण्याचे आहे, होडीची तपासणी करण्याचे नाही. जहाजावर असे बोलणाऱ्या माणसाला कोणी पहाऱ्यावर उभे केले नसते. पण माझीही चूक आहे असे मला वाटते. हा हिशेब मी काउंटरवर, दुकानाच्या कागदावर, दुकानाचा शर्ट अंगात असताना मांडला. तो मी बाहेर होडीजवळ, त्यांचा हात ओल्या फोमवर ठेवून सांगायला हवा होता.

परवा रविवारी, सुट्टी असल्यामुळे मी स्वतः गरवायला गेलो होतो, तेव्हा धक्क्यावर ती होडी दिसली. त्यांनी आणि पुतण्याने अंगणातच सगळे सामान बसवले होते. तिन्ही बॅटऱ्या मागे, दोन्ही पडदे, मोठी मोटर. मागच्या कडेपासून पाणी जेमतेम चार बोटांवर होते. डेकवर मात्र चारच रॉड होते, मी सांगितलेले, त्याच क्रमाने बांधलेले. मी जवळ गेलो आणि फक्त इंजिन बंद पाडणाऱ्या दोरीची आठवण केली. चालक पाण्यात फेकला गेला तर इंजिन थांबावे म्हणून ती अंगाला अडकवणे १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. त्यांनी मुकाट्याने ती अडकवली. एवढ्या वाऱ्यात उघड्या पाण्यात जाऊ नका, हे मी म्हणालो. ते त्यांनी ऐकले की नाही, कळले नाही.

दुपारी तीनपर्यंत मी धक्क्यापासून लांब गेलो नाही. ते परत आले तेव्हा आनंदात होते. बावीस इंचांच्या माशाचा फोटो दाखवला, तिथेच मोजून सोडलेला, तांबड्या क्रँकबेटवर आलेला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि तुझा पंप फार चांगला आहे हं. दिवसभर आपोआप चालू होत होता."

धड होडीचा पंप दिवसभर चालू होत नाही. पाणी कुठून तरी आत येते आहे, बहुधा लाईव्हवेलच्या नळीच्या जोडातून किंवा तळातल्या एखाद्या फिटिंगमधून, आणि मी नीट बसवलेला पंप ते त्यांच्या नजरेआड बाहेर टाकतो आहे. मी त्यांना हे तिथेच सांगितले, या वेळी कागदाशिवाय. गुरुवारी दुकान उघडायच्या आधी, साडेसहाला होडी माझ्या घरी आणा, पैसे नकोत, फक्त नळ्या आणि जोड पाहू, असे म्हणालो. "बघतो," म्हणाले. शुक्रवारी ते पुन्हा फोर्कवर जाणार आहेत.

आज मंगळवार आहे. नळीच्या स्टीलच्या पकडी, सीलंट आणि तीन इंची दोन झाकणे मी गॅरेजमध्ये काढून ठेवली आहेत.