मध्ये बोलणारं घर, थांबणारं घर

रविवार, रात्री

आजोळी एकमेकांची वाक्यं पूर्ण करायची रीत. आई काही सांगायला लागली की मावशी मध्येच घुसणार, मामा भलताच विषय काढणार, आणि यात कुणाचा अपमान होत नाही. उलट कुणी मध्ये बोललंच नाही, तर सांगणाऱ्याला वाटतं, ऐकतंय कोण! बाबांच्या घरी समोरच्याचं बोलणं संपू द्यायचं, क्षणभर थांबायचं, मग तोंड उघडायचं. दोन्ही घरांच्या भाषा वेगळ्या, पण त्याचा मला कधी त्रास झाला नाही. मुलं भाषा उचलतात. त्रास व्हायचा तो या वेगाचा. सुट्टी संपवून परतले की आत्या म्हणायची, हिला वळण नाही. पुढच्या सुट्टीत मावशी म्हणायची, पोरगी अबोल झाली.

मोठेपणी डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंचं लिखाण हाती आलं. काही माणसांसाठी मध्ये बोलणं म्हणजे दुसऱ्याला तोडणं नसून त्याला साथ देणं असतं, असं त्या म्हणतात. वाचून मावशीची आठवण आली. दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी किती वेळ लागतो, ते त्यात मोजलं होतं. सगळ्या भाषा मिळून साधारण ०.२ सेकंद. जपानीत जवळजवळ शून्य, डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या जरा आत. म्हणजे एवढ्याशा फरकावरून माणूस उद्धट किंवा घुमा ठरतो! (आत्याला हे आकडे दाखवण्यात अर्थ नाही. ती माझं वाक्य संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेईल आणि मत तेच ठेवेल.)

हे सगळं आज डोक्यात आलं ते ऑफिसातल्या नव्या मुलीमुळे. बैठकीत ती गप्प असते, म्हणून तिला मतच नाही असं बाकीच्यांनी ठरवून टाकलंय. मला मात्र दिसतं की ती दर वेळी श्वास घेते, जागा शोधते, तेवढ्यात दुसरा कुणीतरी सुरू होतो. परवा मी नुसतं म्हटलं, "थांबा, तिला काहीतरी सांगायचंय." ती बोलली, आणि बरंच बोलली. दोन घरांत वाढल्याचा मला झालेला फायदा विचाराल तर हा. गप्प माणसाला मी लगेच मठ्ठ म्हणत नाही आणि बडबड्याला उर्मट.

"पण तुझं खरं बोलणं कुठलं?" हे मैत्रिणी हमखास विचारतात. मला तो प्रश्नच पटत नाही. माणूस आईशी एक बोलतो, साहेबांशी एक, त्याला कुणी खोटा म्हणतं का? माझ्या बाबतीत ही अदलाबदल जरा जास्त उघडी दिसते, इतकंच.

तोटा दुसराच आहे. समोरच्याचा सूर आधी पकडायची सवय इतकी मुरलीय की माझं स्वतःचं म्हणणं मला उशिरा कळतं. दोघांचं भांडण झालं की दोघांनाही वाटतं, ही आपल्या बाजूची. मी कुणालाच तसं सांगितलेलं नसतं, फक्त ज्याच्याशी बोलत होते त्याच्या पद्धतीनं मान हलवलेली असते. यातून गैरसमज झालेत, आणि ते निस्तरताना पुन्हा तीच मान हलते.

राग आला की तर गंमतच. वेग आजोळचा येतो आणि शब्द बाबांच्या घरचे. "आपण याचा पुन्हा एकदा विचार केलेला बरा होईल का" हे मी एका दमात, समोरच्याला तोडत म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं, हिला घाई आहे. नवऱ्यालाही लग्नानंतर बराच काळ तसंच वाटायचं. आता माझं बोलणं भरभर आणि फार सभ्य व्हायला लागलं, की तो आधी मोबाइल बाजूला ठेवतो आणि मग विचारतो, "काय झालं?"