कोशेरचा दाखला आणि नारळाचं दूध

इस्रायलमध्ये खाण्याच्या दुकानाला कोशेरचा, म्हणजे खाणं ज्यू धर्मनियमांप्रमाणे असल्याचा दाखला काढायचा असेल, तर अर्ज उन्हाळ्यातच टाका. शरदातला तिश्री हा ज्यू महिना लागला की रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोथ असे सण एकामागोमाग येतात आणि अख्ख्या देशाचं उत्तर एकच असतं: ‘अखरे हाखागीम’, सणांनंतर बघू.

नियमांची मला धास्ती नव्हती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, बालपण ठाण्यातलं. हझान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, सुरीच्या धारेवरून नख फिरवायचे, किंचित खाच लागली तरी ती सुरी बाजूला. कोंबडी कापली की रक्तावर माती लोटायचे. आई मटण अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवून तीनदा धुवायची. कलेजी थेट विस्तवावर. एवढी उठाठेव असल्यामुळे मटण सणासुदीलाच, एरवी मासे, तेही खवल्यांचे. कोळंबी नि मोरी कधी घरात आली नाही. आजी म्हणायची, आदामाला देवानं धान्य नि फळंच दिली होती, मांसाची मुभा नोहापासूनची, तेव्हा हात जरा आखडूनच खावं. मला ते अजून पटतं.

दुकान ‘बसारी’, म्हणजे मांसाहारी ठरवलं. मांस नि दुधाचे पदार्थ एकत्र चालत नाहीत, म्हणून पनीर, तूप, दही बाद. चहासुद्धा कोरा, आणि त्याचं दुःख गिऱ्हाइकांपेक्षा मलाच जास्त.

मश्गियाख, म्हणजे तपासनीस, आले. निवडलेला तांदूळ, चाळलेलं पीठ, मटणाच्या पिशव्यांवरचे शिक्के, सगळं पाहून झालं आणि त्यांनी टोपावरचं झाकण उचललं. आत हिरव्या वाटणाचं, नारळाच्या दुधातलं मटण. पांढरट रस्सा बघून गृहस्थ मागेच सरकले. मी डबा दाखवला, त्यावर कोशेरचा शिक्काही होता. म्हणाले, मला कळतंय हो, पण बघणाऱ्याचा गैरसमज होईल, रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारायला हवं. रब्बी कधी भेटतील? सणांनंतर.

सण संपले. दाखल्याच्या कचेरीत खिडकीतल्या बाई म्हणाल्या, फाइल रब्बींकडे आहे. रब्बींचा सहायक म्हणाला, तपासनीसांकडे आहे. तपासनीस फोन उचलेनात. इथे १९८३च्या कायद्यानुसार दाखल्याशिवाय पाटीवर ‘कोशेर’ लिहिता येत नाही. लोक दारात यायचे, भिंतीवर दाखला शोधायचे आणि आल्या पावली परत जायचे. भाडं मात्र चालूच. मटणाला दूध-दही चालत नाही म्हणूनच तर आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नारळ वापरत आल्या, आणि त्याच नारळावर माझी फाइल अडून बसली होती! हे मी खिडकीत मोठ्या आवाजात सांगितलं. बाईंनी मला पाणी दिलं.

शेवटी येशिवात, म्हणजे धर्मग्रंथांच्या पाठशाळेत शिकणारा भाचा कामाला आला. शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथावर रब्बी मोशे इस्सर्लेस यांची टीप आहे: मांसाबरोबर बदामाचं दूध असेल तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला शंका येत नाही. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोला बसून त्या माणसानं माझा प्रश्न सोडवून ठेवला होता. ते पान छापून मी थेट रब्बींच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्याच मान डोलावली. वर खोवलेलं खोबरं घाला, पदार्थांच्या यादीत ‘नारळ’ ठळक लिहा, झालं! म्हणून सांगते, अडलात तर आधार लेखी घेऊन जा आणि खिडकी टाळा.

कोथिंबिरीचं राहिलंच. जुडी चालत नाही, कारण पानांत किडे असू शकतात. जाळीबंद हरितगृहातली, शिक्क्याच्या पिशवीतली घ्यावी लागते आणि ती महाग पडते, तेव्हा दर ठरवताना हिशेबात धरा. दाखल्याची फी वेगळी आणि तपासनीसाचा पगार वेगळा, तोही दुकानदारानंच द्यायचा. ज्याला तपासायचं त्याच्याकडूनच पगार, हे मला मुळीच पटत नाही, पण देते.

दाखल्यावरची मुदत नीट वाचा. वसंतातल्या पेसाह सणासाठी तो चालत नाही, वेगळा काढावा लागतो. त्याचा अर्ज मी हिवाळ्यातल्या हनुक्का सणातच देऊन आलेय. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, इतक्या लवकर कशाला?