मेनू येतो, मग डिस्क सापडत नाही

२०१४ चा सप्टेंबर. कराडजवळच्या एका छापखान्यात दिवाळी अंकाची पानं लावायचं काम जोरात होतं आणि नेमका तिथला मुख्य संगणक अर्धा बंद पडला. अर्धा म्हणजे काय, तर त्यावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. पहिली विंडोज एक्सपी. ती काढायची सोय नव्हती, कारण पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्टचं पॅकेज दोन्ही पॅरलल पोर्टला लावायच्या डोंगलवर (परवान्याच्या किल्लीसारख्या छोट्या उपकरणावर) चालायची. दुसरी उबुंटू, लिनक्सवर आधारलेली. एप्रिलमध्ये एक्सपीचे सुरक्षा अपडेट थांबल्यापासून मेल, लेखकांच्या फायली आणि इंटरनेट फक्त उबुंटूतून, असा तिथला शिस्तीचा नियम होता. अपडेट चालू असताना वीज गेली, यूपीएसची बॅटरी टिकली नाही, आणि उबुंटूचं रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सिस्टिम असलेला भाग, बिघडलं. एफएससीके ही दुरुस्तीची आज्ञा चालवल्यावर लॉस्ट अँड फाउंड या बेवारस फायलींच्या फोल्डरमध्ये इतक्या फायली जाऊन पडल्या, की दुरुस्तीपेक्षा नव्यानं टाकणं सोपं. होम पार्टिशन, म्हणजे वापरकर्त्याच्या फायलींचा भाग, वेगळं होतं आणि शाबूत होतं.

तासाभराचं काम, असं वाटलं. त्यात दिवस गेला तो डीव्हीडी ड्राइव्हमुळे.

बोर्ड इंटेल ९४५ चिपसेटचा, हार्ड डिस्क १६० जीबीची साटा, म्हणजे नव्या बारीक केबलची, डीव्हीडी रायटर मात्र जुना आयडीई, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलचा. पेनड्राइव्हवरून बूट करून पाहिलं. बायोसमध्ये (बोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) यूएसबी-झिप आणि यूएसबी-एचडीडी असे दोन्ही पर्याय होते, पण दोन्हींवर मशीन कर्सर लुकलुकवत थांबायचं. म्हणून डीव्हीडी. सीडीवर भागत नाही, कारण १२.१० या आवृत्तीपासून उबुंटूची इमेज, म्हणजे डिस्कवर लिहायची फाइल, ७०० एमबीच्या सीडीत मावतच नाही, तेव्हाच्या १४.०४ ची साधारण एक जीबीची होती.

डीव्हीडी घातली, मेनू आला, ‘इन्स्टॉल’ निवडलं, लोगोखाली ठिपके फिरले. दोनेक मिनिटांनी काळा पडदा आणि ‘अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम’ ही ओळ. खाली इनिट्रॅमएफएसचा (सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिमचा) प्रॉम्प्ट. मालकांचं मत तयार होतं: “ड्राइव्ह गेलाय साहेब, बदलूनच टाका.” आयडीईचा नवा ड्राइव्ह तोवर दुकानात मिळेनासा झाला होता, मिळाला तर जुनाच. शिवाय ड्राइव्ह गेला असता, तर मेनू आला कुठून?

ही चूक समजायला बूट होताना डिस्क कोण वाचतं ते माहीत हवं. सुरुवातीला वाचतो तो बायोस. तो डिस्कवरचा आयसोलिनक्स हा बूट प्रोग्राम उचलतो, मेनू दाखवतो, मग कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिट्रॅमएफएस मेमरीत आणतो. तिथं त्याचं काम संपतं. त्यानंतर कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरनं त्याच ड्राइव्हशी नव्यानं बोलायला लागतो आणि कॅस्पर फोल्डरमधली फाइलसिस्टिम डॉट स्क्वॅशएफएस ही लाइव्ह सिस्टिमची मोठी फाइल शोधतो. मेनू येऊन मग डिस्क सापडत नसेल, तर पहिल्या वाचकाला जमलं आणि दुसऱ्याला जमलं नाही, एवढंच सिद्ध होतं. जुने बायोस बहुधा पीआयओ पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक तुकडा प्रोसेसरमार्फत नेत, हळू वाचतात. कर्नल डीएमएनं, म्हणजे थेट मेमरीत, वेगानं वाचतो. संशय इथूनच सुरू करायचा.

पण आधी डिस्कला निर्दोष ठरवायला हवं, नाहीतर पुढची सगळी तपासणी फुकट. इमेजचा एमडी५, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळला. तेवढ्यानं भागत नाही, कारण इमेज बरोबर असून लिहिताना डिस्क खराब होऊ शकते. म्हणून ती डीव्हीडी दुसऱ्या, चांगल्या मशीनवर घालून परत वाचली आणि वाचलेल्या मजकुराचा एमडी५ काढला. इथं बरेच जण फसतात. अख्खी डिस्क वाचली तर तो आकडा जुळत नाही आणि चांगली डिस्क कचऱ्यात जाते. डीव्हीडीवर लिखाण १६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या गठ्ठ्यात होतं, त्यामुळे शेवटी भरणा येऊ शकतो. इमेजच्या एकूण बाइटना २०४८ नं भागायचं, येईल तेवढेच ब्लॉक, प्रत्येकी २०४८ बाइटचे, डीडी या कॉपीच्या आज्ञेनं वाचायचे आणि त्यांचाच एमडी५ काढायचा. तो जुळला. डिस्क ठीक.

मग ड्राइव्ह. सीडी वाचतो म्हणून ड्राइव्ह चांगला, हा युक्तिवाद चालत नाही: सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, आणि एक मरून दुसरा जिवंत राहू शकतो. म्हणून एक्सपीत जाऊन डीव्हीडीच घातली. फायली दिसल्या, कॉपीही झाल्या, पण सेकंदाला जेमतेम दीड एमबी, आणि तेवढ्यात माऊससुद्धा अडखळत होता. सीपीयू शंभर टक्क्यांवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडल्या, तर ड्राइव्हसमोर ‘करंट ट्रान्सफर मोड’ होता पीआयओ.

हा मोड कुणी निवडला नव्हता. एक्सपीचा आयडीई ड्रायव्हर टाइमआउट आणि सीआरसीच्या (डेटा वाटेत बिघडल्याच्या) चुका मोजत असतो. सहा झाल्या की एक पायरी उतरतो, चुका होतच राहिल्या तर आणखी उतरतो, आणि शेवटी पीआयओवर येऊन थांबतो. कसलाही निरोप देत नाही. म्हणजे बिघाड कितीतरी आधीपासून होता, एक्सपीनं वेग कमी करून तो पोटात घातला होता. छापखान्यात सगळ्यांना ‘ड्राइव्ह जरा स्लो आहे’ एवढंच ठाऊक होतं. दुसरी सिस्टिम नव्यानं टाकायला घेतली तेव्हा कर्नलनं ड्राइव्हला पूर्ण वेगानं हाक मारली, आणि झाकलेलं उघडं पडलं. एका सिस्टिममध्ये चालतंय हा हार्डवेअर चांगलं असल्याचा पुरावा मुळीच नाही, हे मला इथं फार ठामपणे सांगावंसं वाटतं.

इनिट्रॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर डीमेसेज ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालते, त्या पाहिल्याशिवाय मशीन बंद करू नये. इथं ‘टाइमआउट’, मग ‘सॉफ्ट रिसेटिंग लिंक’, मग ‘लिमिटिंग स्पीड’ अशा ओळींची रांग होती आणि अधूनमधून एसआर-शून्यची, म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हची, आयओ एरर. डिस्क खराब किंवा लेन्स मेलेली असती, तर ‘मीडियम एरर’ आणि ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ दिसली असती, तीही बहुधा त्याच त्या सेक्टरांवर. इथं सेक्टर दर वेळी वेगळे होते. हे लक्षण वाटेतल्या बिघाडाचं, म्हणजे केबल, जंपर (ड्राइव्ह मास्टर, म्हणजे पहिला, की स्लेव्ह, म्हणजे दुसरा, हे ठरवणारी छोटी टोपी), कंट्रोलर किंवा वीजपुरवठा यांचं.

खात्रीसाठी स्क्रू खोलायच्या आधी एक चाचणी. बूट मेनूत एफ६ दाबून, एस्केप करून, ओळीच्या शेवटी असलेल्या दोन डॅशच्या आधी लिबएटीए डॉट डीएमए बरोबर १ असं लिहिलं. यातल्या १ चा अर्थ डीएमए फक्त हार्ड डिस्कला, ऑप्टिकल ड्राइव्हला नाही. उबुंटू रखडत, पण थेट डेस्कटॉपपर्यंत आलं. निदान पक्कं झालं. असंच इन्स्टॉल उरकता आलं असतं, पण पहिल्या सिस्टिमनं केलेली झाकपाक मी दुसरीतही करण्यासारखं झालं असतं ते.

कॅबिनेट उघडलं. केबल ८० तारांची, म्हणजे योग्य जातीची. तिला तीन रंगांची टोकं असतात: निळं बोर्डला, काळं शेवटच्या ड्राइव्हला, राखाडी मधल्याला. कधीकाळी काळ्या टोकाला आयडीई हार्ड डिस्क असणार. साटा डिस्क बसवताना ती काढली आणि टोक तसंच लोंबत ठेवलं. डीव्हीडी ड्राइव्ह मधल्या राखाडी टोकावर, जंपर स्लेव्हवर. मोकळ्या टोकावरून सिग्नल उलटा परावर्तित होतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. हळू वेगात तो विरायला वेळ मिळतो, अल्ट्रा डीएमए (यूडीएमए) या वेगवान पद्धतीत मिळत नाही. शिवाय राखाडी टोकापाशी केबलला करकरीत घडी पडलेली.

दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा ते कळत नाही. म्हणून आधी तीच केबल ठेवून ड्राइव्ह काळ्या टोकावर आणला, जंपर मास्टरवर. अख्खी डीव्हीडी डीडीनं डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कुठेच न साठवता, वाचली: रिसेट एकदाच आला. मग नवी ८० तारांची केबल घातली, १८ इंचांच्या आतली. आता एकही रिसेट नाही, डीमेसेजमध्ये ‘कॉन्फिगर्ड फॉर यूडीएमए/६६’, वेग सेकंदाला आठ एमबीच्या आसपास, डिस्क दोन-सव्वादोन मिनिटांत संपली. मल्टिमीटरवर ड्राइव्ह फिरताना १२ व्होल्टची तार ११.८ दाखवत होती, ११.४ पर्यंत चालतं. लेन्सला हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती, आणि बोळा फिरवून चांगली लेन्स तिच्या नाजूक तारांवरून हललेली मी पाहिली आहे.

इन्स्टॉल करण्याआधी हार्ड डिस्कचे पहिले ५१२ बाइट डीडीनं पेनड्राइव्हवर घेतले. त्यात ४४६ बाइट बूट कोड आणि ६४ पार्टिशन टेबल असतं. परत टाकताना फक्त बूट कोड हवा असेल तर ४४६ वरच थांबायचं. एक्सपीवरची अंकाची पानंही बाहेरच्या डिस्कवर घेतली. इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’, म्हणजे पार्टिशन हातानं ठरवायचा पर्याय. एक्सपीच्या एनटीएफएस पार्टिशनला स्पर्श नाही, रूट ईएक्सटी४ आणि फॉरमॅटची खूण केलेली, होमला माउंट पॉइंट दिला पण फॉरमॅटची खूण काढलेली, ग्रब (सिस्टिम निवडायचा बूट मेनू) अख्ख्या डिस्कवर, पार्टिशनवर नाही. वापरकर्त्याचं नाव पूर्वीचंच दिलं, म्हणजे जुनं होम जसंच्या तसं लागतं. बावीस मिनिटांत झालं. ग्रबच्या यादीत एक्सपी आपोआप आली.

दोन कामं उरली होती. एक्सपीत वेग आपोआप वर चढत नाही, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून ते आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू केलं. मोड अल्ट्रा डीएमए झाला. आणि घड्याळ: उबुंटू बोर्डचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, एक्सपी स्थानिक वेळ, त्यामुळे सिस्टिम बदलली की साडेपाच तासांचा घोळ. ईटीसी-डिफॉल्टमधल्या आरसीएस फाइलमध्ये यूटीसीसमोर ‘नो’ लिहून तो मिटवला.

जुनी केबल कात्रीनं मधोमध कापून टाकली. बरी दिसते म्हणून कुणीतरी ती उद्या दुसऱ्या मशीनमध्ये लावली असती.